नवरीचा हिरवा चुडा : किती दिवस ठेवायचा, आणि मध्येच उतरवला तर?

जाईजुई
मंडळी, धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे, कोल्हापूरला. हॉल, आचारी, भटजी सगळं ठरलंय. गाडी अडलीये ती चुड्यापाशी.

बहीण आयसीयूत नर्स आहे. तिथे कोपराखाली काहीही चालत नाही. बांगडी सोडाच, घड्याळ आणि अंगठीही नाही. रजा लग्नानंतर जेमतेम आठवडाभर. आजीचं म्हणणं, नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा सव्वा महिना हवाच, मध्येच उतरवला तर अपशकुन. बहीण म्हणाली, मग मी भरतच नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत निरोप देतात.

तुमच्याकडे चुडा किती दिवस ठेवतात? लवकर उतरवायची काही रीत आहे का? आणि शकुनाच्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे लिंबू-सुरी, तीट, उलटं मंगळसूत्र, यातलं तुम्ही काय पाळलंत आणि काय सोडलंत? मोकळेपणी लिहा. फक्त आजीला वाचून दाखवणार आहे, तेव्हा भाषा जपून.

खवचट_पंत
आपल्याकडे सगळं सव्वाच. सव्वा रुपया, सव्वा शेर, सव्वा महिना. आजींना सव्वा आठवडा चालतो का विचारा, रजेचा हिशेबही जुळेल.

शेवंती
आमच्याकडे (सातारा) मांडवपरतणीला माहेरी जाऊन आलं की मुलगी मोकळी. पण ते कागदावर. माझ्या नणंदेनं आठ दिवसांत उतरवला, जावेनं पहिल्या संक्रांतीपर्यंत मिरवला. दोघींचे संसार उत्तम चाललेत, दोघींचे नवरे सारखेच आळशी.

आमच्यात डोळ्यात तेल घालून बघतात ते भरण्याकडे. कासार बांगड्या भरतो, पण पहिल्या बांगडीला पाच सवाष्णींचा हात लागलाच पाहिजे. उतरवताना कुणी ढुंकून बघत नाही.

काकणवाला
आमचा तीन पिढ्यांचा बांगड्यांचा धंदा आहे, सांगली जिल्ह्यात. चुडा भरायला अजून घरोघरी जातो, म्हणून जरा सविस्तर.

दिवसांचा हिशेब घराघराचा असतो. एकाच गल्लीत एका घरी सोळा दिवस, समोरच्या घरी सव्वा महिना, तिसऱ्या घरी 'आपोआप जातील तेव्हा जातील'. आकड्याचंही तेच. बहुतेकांना दोन्ही हातांत सारख्या चालत नाहीत, एका हातात एक जास्त लागते. मग तो हात डावा की उजवा यावरून मावशी आणि आत्या जुंपतात. तोवर आमचा चहा होतो.

माल येतो फिरोजाबादहून. मापं दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी. हे इंच आणि सोळांश. दोन-चार म्हणजे आतून सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. भरताना मुलीला अंगठा तळव्यात दुमडायला सांगायचा, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून दाबून मऊ करायचा, आणि बांगडी करंगळीच्या अंगानं तिरकी चढवायची. जोर लावायचा नसतो, फिरवत न्यायची असते. मुलीनं श्वास धरला की हात ताठतो, म्हणून आम्ही मुद्दाम तिला गावाचं नाव, शाळेचं नाव असलं काहीबाही विचारत बसतो.

घोळ होतो तो मापात. घरच्या बायकांना चुडा घट्ट बसलेला आवडतो. निघत नाही म्हणजे शुभ. मग पुढे काढताना फोडाव्या लागतात आणि हात कापतो. तुमच्या बहिणीला एक माप मोठं भरा. दोन-चार बसत असेल तर दोन-सहा. मागे-पुढे पाटली, तोडा घातला की चुडा जागच्या जागी राहतो. काढायच्या वेळी हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, वरून साबणाचं पाणी सोडायचं, एकेक बांगडी सरकत येते. ड्युटीवरून आल्यावर परत घालायची. एकही फुटत नाही.

भरताना एखादी गेलीच, तर 'वाढली' म्हणायचं आणि दुसरी घ्यायची. आमच्या हातून रोज एखादी जाते. त्याचा संसाराशी संबंध असता तर माझ्या आज्यापासून आम्ही निम्मा जिल्हा उजाड केला असता.

जाईजुई
काकणवाला, किती नेमकं लिहिलंत! आजीला वाचून दाखवलं. तिचं उत्तर जसंच्या तसं देते : "आणि सैल चुडा भर मांडवात हातातनं गळाला म्हणजे?"

काकणवाला
आजींना नमस्कार सांगा. गळतो तो दोन-आठ, मी दोन-सहा म्हणतोय.

रात्रपाळी
मीही नर्स. आजींसाठी कारण लिहिते, कारण 'नियम आहे' एवढ्यावर घरचे ऐकत नाहीत. बांगडीखाली ओल राहते, तिथला हात नीट धुतला जात नाही आणि एका पेशंटचे जंतू दुसऱ्याकडे जातात. आयसीयूतल्या पेशंटला तेवढं पुरेसं असतं. काच पेशंटच्या अंगावर फुटली तर ते आणखी वेगळंच.

माझ्या लग्नानंतर चुडा कामाच्या वेळी लॉकरमध्ये, स्टीलच्या डब्यात, खाली रुमाल घालून. मेंदी मात्र चालली. वॉर्डातल्या म्हाताऱ्या विचारायच्या, नवी नवरी ना, हात असे बोडके का गं? मी हात उलटे करून मेंदी दाखवायचे. मग त्या नवऱ्याचं नाव शोधत बसायच्या आणि मला बीपी घ्यायला शांतता मिळायची.

पुणेरी_पाटी
लिंबू-सुरीबद्दल. हळद लागलेल्यानं लोखंड जवळ ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे आमच्याकडे अजून कडक. भावाची हळद नागपूरला आणि लग्न पुण्याला. मामांनी कट्यार आणि तिच्या टोकाला खोचलेलं लिंबू असं दोन्ही भावाच्या हातातल्या बॅगेत घातलं. विमानतळावर पुढे काय झालं ते सांगायला नको. कट्यार राहिली, लिंबू परत मिळालं. भाऊ नुसतं लिंबू मुठीत धरून पुण्यात उतरला.

खवचट_पंत
आणि तरी लग्न झालं? वहिनींचं अभिनंदन.

वऱ्हाडी_ठेचा
शकुनाचं मले नका सांगू. कढईत जेवलं की लग्नात पाऊस येते म्हणत. मी लहानपणापासून कढई खरवडूनच खाल्ली. लग्न झालं मे महिन्यात, अकोल्यात. ऊन असं की आंतरपाटामागं बायको दिसण्याआधी मले काजवे दिसले. सारा मांडव पावसाची वाट पाहून राह्यला होता. एक थेंब नाही आला बाप्पा!

चंद्रकळा
कोपऱ्यातली एक गंमत. लग्नात काळं चालत नाही, कुणी काळी साडी नेसून आलं तर भुवया उंचावतात. आणि नवरीच्या गळ्यात सगळ्यात मोलाचं घालतात ते काळ्या मण्यांचं. गालावर तीट काळी. पहिल्या संक्रांतीला हौसेनं काळी साडी आणि वर हलव्याचे दागिने. म्हणजे काळा अशुभ आहे म्हणून दूर ठेवायचा, की दृष्ट अडवतो म्हणून जवळ बाळगायचा, हे आपलं अजून ठरलेलं नाही. मला वाटतं, रीत टिकायला ती तर्काला धरून असावी लागत नाही. कुणाला तरी तिची हौस असली की पुरतं.

उलटं मंगळसूत्र मी घातलं होतं, वाट्यांची पोकळ बाजू बाहेर. एक वाटी माहेरची, एक सासरची. पुढे सुलटं कधी केलं ते आठवतही नाही.

खवचट_पंत
हौसेवरून आठवलं. कन्यादानाला पिवळी अष्टपुत्री नेसवतात ना? आमच्या भटजींनी तोंडभरून आशीर्वाद दिला, अष्टपुत्रा सौभाग्यवती भव. बायकोनं तिथेच विचारलं, मुली धरून की सोडून? भटजींनी पुढची मंगलाष्टकं दुप्पट वेगानं उरकली.

मांडवीकर
चुडा हा फक्त हिंदूंचा असं कुणी धरून चाललं असेल तर गोव्याला या. आमच्या वाड्यावरच्या ख्रिस्ती घरांत 'चुडो' असतो. लग्नाआधी काकणकार येतो, नवरीच्या हातात हिरव्या, पिवळ्या, लाल बांगड्या भरतो, जमलेल्या बायाबापड्यांनाही भरतो. कोकणी गाणी चालू असतात. आदल्या दिवशी रोस : नारळाचा रस अंगाला चोळून नवरीला न्हाऊ घालतात. नवऱ्याचा रोस त्याच्या घरी वेगळा. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पांढरा गाऊन, आणि त्या पांढऱ्या बाहीखाली हा रंगीत चुडा. धर्म बदलून शतकं झाली, पण हातातलं काकण काही कुणी काढून ठेवलं नाही.

पूर्वी नवरा गेला की बायको तो चुडा त्याच्या शवपेटीवर फोडत असे. म्हणजे चांगल्याबरोबर तेही तसंच आलं.

वसईचा_वाफा
मांडवीकर +१. आमच्या ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती) लोकांत 'उंबराचं पाणी'. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बॅंडबाजा लावून विहिरीवर जायचं, पाणी आणायचं आणि त्यानं नवरा-नवरीला आंघोळ. गाणी सगळी आमच्या बोलीतल्या मराठीत. आता विहिरींवर टॉवर उभे राहिलेत, तर काही घरी नळाखाली हंडा भरतात. वाजत-गाजत जायला मात्र चुकत नाहीत, अगदी सोसायटीच्या टाकीपर्यंत का होईना. आणि नंतरच्या जेवणातले फुगे आणि इंदियाल या पदार्थांसाठी तर मी कुठल्याही रितीला तयार आहे.

पुणेरी_पाटी
धागा चुड्याचा होता, आता इंदियालवर आला. पाककृती द्या म्हणजे धाग्याचं काश्मीर (पार विषयांतर) पूर्ण होईल.

आगरी_पोर
आमच्यात धवलारीण असते, ते कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. आगरी-कोळ्यांच्या लग्नात बाईच पुरोहित. एकेक विधी तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर चालतो. हळद कुटायची तर त्याचा धवला, मांडव घालायचा तर त्याचा धवला, देवांना आवतण द्यायचं तर गावदेवीपासून सगळ्यांची नावं घेऊन. पोथी नाही, सगळं तोंडपाठ, आईकडून मुलीकडे नाहीतर सासूकडून सुनेकडे आलेलं. माझ्या आत्याच्या लग्नात धवलारीण रात्रभर गायली, पहाटे घसा बसला तरी थांबली नाही. हल्ली डीजेपुढे तिचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. आमच्या गावात आता एकच म्हातारी उरली आहे, आणि तिची सून बँकेत आहे.

भुईचाफा
दोन दिवस वाचतेय. शेवंतीच्या एका ओळीपाशी अडले, पाच सवाष्णींचा हात. तिनं साधेपणानं लिहिलंय, तिच्यावर राग नाही.

मी सहावीत असताना बाबा गेले. आईनं शिवण आणि शिकवण्या करून मला इंजिनिअर केलं. माझा चुडा भरला तेव्हा कासारानं सवयीनं विचारलं, आई कुठाय? काकू म्हणाल्या, असू दे, ती आत काम बघतेय. आई आत काही काम बघत नव्हती. पोह्यांच्या बशा होत्या, त्या मोजत होती. पुन्हा पुन्हा मोजत होती. माझा डावा हात कासाराच्या हातात, अर्ध्या बांगड्या चढलेल्या. मी उठून आईला हाताला धरून बाहेर आणलं. काकू गप्प, मावशी गप्प. उजव्या हातातली पहिली बांगडी आईनं चढवली. तिला जमेना, तर कासारानं तिचा हात धरून चढवली. त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा नवरा या क्षणी सोफ्यावर घोरतोय.

शुभ-अशुभ मानावं न मानावं, ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्या रितीत नवरीच्या आईला स्वयंपाकघरात बसावं लागतं, ती चुड्याच्या दिवसांबरोबर एका यादीत 'आमच्याकडे असं असतं' म्हणून लिहायची गोष्ट नाही.

पेठेतला_नाना
भावना समजू शकतो. पण सवाष्ण बोलावतात ती तिच्यासारखं सौभाग्य नवरीला लाभावं म्हणून. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसतो. प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायला लागलो तर लग्नात उरेल काय? जेवणच ना?

रात्रपाळी
नाना, हेतू कुणाचाच नसतो. पण बशा मोजायला मात्र दरवेळी तीच बाई जाते.

कोल्हापुरी_ठसका
नाना, आमच्या जिल्ह्याचं ऐका. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. 4 मे 2022 ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला : नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं, हे गावात बंद. त्याच महिन्यात 17 तारखेला सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं ते. ठराव झाला म्हणून सगळ्या घरांत लगेच उजाडलं असं म्हणत नाही मी. पण हे मुंबईत एसीत बसून केलेलं नाही, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावानं केलंय. जाईजुईच्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर.

आणि जुनंच हवं असेल तर त्याहून जुनं घ्या. पहिला सत्यशोधक विवाह 25 डिसेंबर 1873 चा. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी नवऱ्याकडे बायकांच्या हक्कांचं वचन मागते. यालाही दीडशे वर्षं होऊन गेली, म्हणजे ही परंपराच झाली की आता.

पेठेतला_नाना
हेरवाडच्या ठरावाला माझा विरोध नाही, उलट कौतुकच आहे. मी एवढंच म्हणतोय की म्हाताऱ्या माणसांना एका फटक्यात चूक ठरवू नका. जाईजुईच्या आजींनी आयुष्यभर जे पाळलं ते त्यांना सोडवत नसेल.

शेवंती
भुईचाफा, मी ती ओळ लिहिताना खरंच काही विचार केला नव्हता. नानांच्या मुद्द्यावरून एक विचारते. जाईजुई, चुड्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या तुझ्या आजी स्वतः बांगडी भरणार आहेत ना नातीला?

जाईजुई
शेवंती, नेमकं बोट ठेवलंस. मला हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते. आजोबा जाऊन खूप वर्षं झाली. बहीण आजीच्याच कुशीत वाढली, आईची नोकरी फिरतीची होती. चुड्याची सगळी तयारी आजीनं केलीये. पाटावरची रांगोळी कोणती, कासाराला शिधा किती, ओटीचं खण-नारळ, सगळं तिच्या वहीत आहे. पाच सवाष्णींची नावंही तिनंच काढली आहेत. तिची बसायची जागा ठरलेली आहे, मधल्या दाराच्या आत. तिथून दिसतं म्हणते.

काल हा धागा भुईचाफाच्या प्रतिसादापर्यंत वाचून दाखवला. पुढचं ऐकायला ती थांबली नाही, देवघरात गेली. बहीण शेजारीच होती. रात्री बहिणीनं मला सांगितलं, जा, निरोप दे : चुडा भरते, दोन-सहा भरते, सव्वा महिना ड्युटी सोडून बाकी सगळा वेळ घालते. पण पहिली बांगडी तू भरणार असशील तर.

खवचट_पंत
आज विनोद नाही. पुढे?

जाईजुई
पुढे आजी म्हणाली, तुझ्या सासूला चालणार नाही. बहीण म्हणाली, विचारते. आजी म्हणाली, खबरदार विचारलंस तर. म्हणजे निरोप संपले, आता थेट भांडण सुरू झालंय. आईला ही प्रगती वाटते.

भुईचाफा
सासूबाईंना विचारायचं नाही, सांगायचं. चुडा माहेरचा विधी, त्यात विचारण्यासारखं काय आहे?

कोल्हापुरी_ठसका
असहमत. चोरून केल्यासारखं कशाला? सासूबाईंनाच चुड्याला बोलवा. आजींच्या शेजारी बसवा. बहुतेक वेळा समोरच्याला चालणार नाही हे आपणच ठरवून टाकलेलं असतं.

पेठेतला_नाना
इथे मात्र ठसक्याला अनुमोदन. आजींना सांगा, पुण्यातला एक सनातनी म्हातारा म्हणतो की पहिली बांगडी आजीचीच. आशीर्वाद द्यायला वय लागतं, ते त्यांच्याकडे आहे.

पुणेरी_पाटी
नाना!!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

वकीलसाहेब_रजेवर
उशिरा आलो. शास्त्राधाराची चर्चा चाललीच आहे तर कायद्याचाही. हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 7 : दोघांपैकी कुणाच्याही रूढीप्रमाणे विधी केले तरी चालतात, आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. चुडा, लिंबू, तीट, कढई यांचा उल्लेख नाही. सवाष्णींच्या संख्येचाही नाही.

वऱ्हाडी_ठेचा
कढईचा नाही? मग मी उगाच वीस वर्षं आईच्या शिव्या खाल्ल्या.

जाईजुई
आजचं ताजं. बहिणीच्या सासूबाई मोबाइलवर आजीशी बोलल्या. विषय चुड्याचा निघाला, पण त्यांनी विचारलं ते भलतंच : बांगड्यांत सोनेरी नक्षीची घ्यायची की साधी? आजी म्हणाली, साधी, नक्षीनं मनगट खरचटतं. पाऊण तास बोलत होत्या. पहिल्या बांगडीबद्दल कोण काय म्हणालं ते आजी सांगत नाहीये. पण वहीतली पाच नावं होती तिथे आता सहा आकडा आहे, आणि सहाव्यापुढे जागा कोरी आहे.

काकणवाला, कोल्हापुरात घरी येऊन चुडा भरणारं कुणी ओळखीचं आहे का? आणि साध्या हिरव्यात गडद बरी की पोपटी?

काकणवाला
माझा चुलतभाऊ येतो कोल्हापुरात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. रंग गडद घ्या, पोपटी फोटोत पिवळी दिसते. एक सूचना : आजींच्या हाताचंही माप घेऊन ठेवा. नवरीला भरून झालं की आम्ही घरातल्या सगळ्या बायकांना भरतो, कुणाला वगळायचा आमच्यात रिवाज नाही.

मांडवीकर
वसईचा_वाफा, ती इंदियालची पाककृती राहिली.